झालंच समजा

अप्पा सरांची आणि माझी ओळख मुख्यतः प्लायवूडमधून झाली. गंगाखेडच्या बसस्टँडजवळ बी-बियाण्यांचं एक दुकान आहे. त्याच्या माडीवर दोन खोल्या आहेत, म्हणजे खरं तर खोली एकच, मधे प्लायवूड ठोकून तिच्या दोन केल्या आहेत. एका बाजूला मी गणिताच्या शिकवण्या घेते, दुसऱ्या बाजूला अप्पा सर इंग्रजी आणि स्पॅनिश शिकवतात. हे प्लायवूड छतापर्यंत जात नाही. वर चांगली हातभर जागा मोकळी आहे. दुकान सरांच्या धाकट्या भावाचं, आणि प्लायवूडचं काम सरांनी स्वतः उभं राहून करून घेतलेलं, एवढं सांगितलं तरी पुरे. "तेवढी वरची पट्टी राहिली हाय मॅडम, सुतार येईल. झालंच समजा," असं ते मला पहिल्या दिवशी म्हणाले. त्यानंतर माझे केस पांढरे झाले, सुतार काही आला नाही.

वीरभद्रअप्पा हे त्यांचं खरं नाव. गावात त्यांना 'झालंच सर' म्हणतात, आणि तेही तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नाही. उंच माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. कपाळावर भस्माचे पट्टे मात्र रोज तीनही पूर्ण, कडेपासून कडेपर्यंत. त्यांच्या आयुष्यात शेवटापर्यंत गेलेल्या तेवढ्याच रेघा मी पाहिल्या.

त्यांच्या घरी मी एकदा वास्तुशांतीच्या जेवणाला गेले होते. वास्तू अजून व्हायची होती. खालच्या मजल्याला गिलावा नव्हता. बाजूनं एक सिमेंटचा जिना वर गेलेला होता आणि वर गेल्यावर काहीच नव्हतं. नुसतं आभाळ आणि खांबांतून वर आलेल्या सळया. त्या सळयांना दोऱ्या बांधून सरांच्या मंडळी कपडे वाळत घालत होत्या. मला म्हणाल्या, "वरचा मजला झालाच हाय म्हनतेत. म्या म्हनलं, असू द्या, तवर वाळवन तरी निवांत होतंय." त्या बाईचं मला फार कौतुक वाटलं. नवऱ्याच्या अर्ध्या मजल्यावर तिनं तिचा संसार पूर्ण केला होता.

सर स्वतःविषयी बोलू लागले की एक गोष्ट लक्षात यायची. ते कधीच कशात नापास झाले नव्हते. ते जवळजवळ तहसीलदार झाले होते. पुण्याच्या एका कॉलेजात जवळजवळ प्राध्यापक होते. स्पॅनिशचा अभ्यासक्रम त्यांनी पुण्यात राहून जवळजवळ पूर्ण केला होता. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी मामेभावाच्या लग्नाला गावी आले आणि मांडव उतरेपर्यंत राहिले. हे सगळं ते असं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, पेपर देणारी माणसंच जरा घाई करतात.

आमच्या गावाला असा माणूस आवडतो, हे मला जास्त खुपतं. कारण आमचं गावही तसंच आहे. फोन केला की खाटेवर आडवा पडलेला माणूस "निघालोच" म्हणतो, आणि निघाल्यावर "पोचलोच" म्हणतो. एसटी कंट्रोलरला विचारलं तर गाडी "आलीच", मग ती परभणीच्या डेपोतून हललेली का नसेना. मी जन्मभर गणित शिकवलं. माझ्या विषयात उत्तर जवळजवळ बरोबर आलं तर त्याला चूक म्हणतात. त्यामुळे गावात मला 'कडू बाई' म्हणतात, आणि सर लोकप्रिय आहेत.

आता त्यांचं शिकवणं. ते मी त्रिकोण आणि वर्तुळं शिकवता शिकवता वर्षानुवर्षं ऐकलं आहे, इतकं की त्यांनी चुकवलेल्या परीक्षेला मीच बसू शकेन. त्यांचा एक आवडता तास होता. दर नव्या बॅचला तो व्हायचा. सुरुवातीला बाक ओढल्याचा आवाज यायचा, कारण सर बाकावर चढायचे.

"हे बगा, मी पडायलोय," सर म्हणायचे. "पडायलोय, पडायलोय, आन् सावरलो! आता हे सांगायचं कसं? इंग्रज मानूस काय म्हनतो? ऑलमोस्ट. न्हाई तर निअरली. दोन्ही एकच वाटतेत, पन न्हाईत. निअरलीच्या आधी व्हेरी लावता येतं, ऑलमोस्टला ते चालत न्हाई. निअरलीवाला मानूस मोजत मोजत जवळ येतो. ऑलमोस्टवाला नुस्ता काठावर उभा ऱ्हातो."

मग स्पॅनिश. "स्पॅनिश मानसाकडं कासी हाय. लयच जवळ आलं तर तो कासी कासी म्हनतो, आपन जवळजवळ म्हनतो तसं. आन् थोडक्यात वाचला तर पोर पोको. म्हंजी थोडक्यासाठी. गंमत बगा, परवा पडता पडता वाचला असला तरी आज सांगताना तो 'पडतो' असंच म्हनतो. त्याच्या डोळ्यांपुढं तो अजून पडायलाच हाय."

"हमारे में गिरते गिरते बचा बोलते, सर," एकदा एक विद्यार्थी म्हणाला.

"वा! गिरना दोन बार, बचना एकच बार!" सर बाकावरूनच खूष झाले. "आन् आपन मराठी मानसं? आपन तर काम उरकूनच टाकतो. सांग रे तू, ट्रॅक्टरचं काय झालं होतं?"

"सर, ऊस घेऊन कारखान्याला जायलो होतो. उतारावर ट्रॅक्टर पलटलाच होता."

"पलटला का?"

"न्हाई."

"मग पलटलाच होता काऊन म्हनतोस?" सर टाळी वाजवायचे. "हीच तर मजा हाय. इंग्रज काठावर उभा, स्पॅनिश अजून पडायलाय, आन् आपन पडून, उठून, कपडे झटकून घरी आलो, आन् पडलोच न्हाई!"

मुलं हसायची. प्लायवूडच्या अलीकडे माझी मुलंही हसायची आणि मला फळ्यावर डस्टर आपटावं लागायचं. पण खरं ते लिहिते. माणूस शिकवायचा छान. त्या एका विषयात त्याला जे दिसत होतं ते पुण्यातल्या पदव्यावाल्यांनाही दिसलं असेल की नाही, कोण जाणे. त्यावर ते पुस्तकही लिहीत होते. तीन भाषांतलं 'जवळजवळ'. पुस्तक कुठवर आलं, हे मी कधी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं.

मात्र ज्याला एखादी गोष्ट इतकी नेमकी कळते, त्यानं तिच्यातच पथारी पसरावी याचा मला संताप येई. वैद्यानं रोगाचं वर्णन करावं आणि औषधाऐवजी रोगच वाटत बसावं, त्यातली ही गत. आणि तो रोग त्यांनी द्वारकाला दिला.

द्वारका राणीसावरगावची. बी.ए. झालेली. रोज एसटीनं यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. वडील मुंजाभाऊ, कापूस-सोयाबीनचं थोडकं रान स्वतः कसणारे, कमी बोलणारे गृहस्थ. द्वारकाला स्पॅनिश इतकं आलं की प्लायवूडमधून ऐकताना सर कोणतं वाक्य म्हणाले आणि ती कोणतं, हे मला सांगता येईना. स्पेनमधल्या एका शाळेत वर्षभरासाठी इंग्रजीच्या मदतनीस शिक्षिकेच्या जागा निघाल्या, तेव्हा तिनं अर्ज केला. मुंजाभाऊंनी तिला साफ सांगितलं होतं, "यंदा येकडाव बघ. जमलं तर जा, मी आडवा येनार न्हाई. न्हाई जमलं तर बोरीच्या पाव्हन्यांना होकार देतो." जिंतूरकडच्या बोरीचं स्थळ होतं. मुलाचं कृषी सेवा केंद्र, घरचं बरं. द्वारकाला ते नको होतं, पण बापाच्या शब्दाला ती बांधलेली होती. म्हणजे तिच्या अख्ख्या आयुष्याचा सौदा त्या एका उत्तरावर टांगलेला.

उत्तर आलं, ते धड हो नव्हतं की नाही नव्हतं. प्रतीक्षा यादीत तिचा पहिला क्रमांक होता. कोणी माघार घेतली तर जागा तिला.

सरांनी तो मजकूर मोठ्यानं वाचला आणि ओरडलेच, "वेटिंग वन! अगं, मग कन्फर्मच झालं की! मुंबईच्या गाडीला वेटिंग वन कवा ऱ्हायलंय का? चार्ट बनायच्या आधी चार जन कॅन्सल करतेत."

मी प्लायवूडच्या वरून आवाज दिला, "सर, ती रेल्वे नव्हे. परदेशातली मिळालेली जागा कोण सोडतंय?"

"मॅडम, तुमचं गनित हाय," सर पलीकडून म्हणाले. "मानसाचं तसं नसतं."

"सर, अजून झालं न्हाई," द्वारका हळूच म्हणाली.

"झालंच समज."

त्या आठवड्यात बसस्टँडच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. 'गंगाखेडची सुकन्या निघाली स्पेनला! हार्दिक अभिनंदन!' फ्लेक्सच्या मधोमध फेटा बांधलेले अप्पा सर, दारभर उंच. खाली कोपऱ्यात द्वारकाचा ओळखपत्रावरचा फोटो, तळहाताएवढा. राणीसावरगावच्या पोरांना राग आला, सुकन्या आमची असताना गंगाखेडची कशी म्हणून. मग त्यांनी सरांना गाठून तसाच दुसरा फ्लेक्स गावात लावून घेतला. नुसतं गावाचं नाव बदललं, फेटा तोच. निवडीबद्दल शुभेच्छा देणारे एवढे जण तळाशी छापले होते, पण निवड झाली का, हे एकानंही विचारलं नाही.

सत्कार राणीसावरगावच्या मारुतीच्या पारावर झाला. शाल, नारळ, हार. मी गेले होते, कारण द्वारकानं "मॅडम, तुमी तरी या" म्हणून हात धरला होता. सरांनी भाषण केलं आणि भाषणात बाकावरून पडण्याचा सगळा तास घेतला, इथं बाक नव्हता म्हणून पाराच्या कठड्यावर चढून. लोक हसले, टाळ्या झाल्या. मुंजाभाऊंना बळंच फेटा बांधला. तो त्यांच्या डोक्यावर जड झाल्यासारखा ते मान खाली घालून बसले होते. द्वारका एका जागी बघत होती. तिला रडू येत असावं, पण आनंदाचं समजतील म्हणून तिनं ते आवरलं असावं.

फ्लेक्सचा फोटो फोनवरून बोरीला पोचायला कितीसा वेळ लागतो? पाव्हण्यांचा निरोप आला: पोरगी परदेशी निघाली तर आम्हाला ताटकळत का ठेवलं? आणि त्यांनी मुलाचं दुसरीकडे जमवलं. मग पुढच्या महिन्यात स्पेनहून कळवलं गेलं की सगळ्या जागा भरल्या, कोणी माघार घेतली नाही, उमेदवाराला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.

त्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर द्वारका एकटीच सरांपुढे उभी होती. मी पलीकडे वह्या आवरत होते. वर ती हातभर जागा होतीच.

"थोडक्यात हुकलं बगा," सर म्हणाले. "एका नंबरानं. ह्यालाच म्हनतेत पोर पोको."

मग द्वारका म्हणाली, "सर, थोडक्यात म्हंजी किती?"

ज्याला तीन भाषांमध्ये जवळजवळ सांगता येत होतं, त्याला हे सांगता आलं नाही. मग तीच पुढे म्हणाली, "मी गावात काय सांगू? वडील चावडीवर जाईनात. आई दळनाला बी मलाच धाडायलीय, बाया इचारतेत म्हनून. थोडक्यात हुकलं म्हनून सांगू?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. शेवटी सर म्हणाले, "फ्लेक्स उतरवायला सांगतो मी. उद्या झालंच समज."

फ्लेक्स द्वारकानंच उतरवला. राणीसावरगावातला. शिडी लावून, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. गंगाखेडातला मात्र उन्हानं विटेपर्यंत तसाच होता, आणि त्यावर द्वारकाचा चेहरा आधी उडाला, सरांचा शेवटी. गावातला फ्लेक्स मुंजाभाऊंनी टाकून दिला नाही. त्या दसऱ्याच्या सुमारास मी एसटीनं राणीसावरगाववरून जात होते, तर त्यांच्या रानात सोयाबीनच्या सुडीवर, म्हणजे कापून रचलेल्या ढिगावर, तो अंथरलेला. कडेनं दगड ठेवलेले, आणि मधे सर, फेट्यासकट, पावसात उताणे. मला इतकं समाधान खूप दिवसांत मिळालं नव्हतं. पुढे कोणीतरी सरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मटेरियल चांगलं होतं. बगा, दाना भिजला न्हाई." अशा माणसाला मारायचं कुठं, हेच कळत नाही.

एक मात्र त्यांच्या नावावर जमा करावं लागेल. बोरीचं स्थळ त्यांनी मोडलं. ठरवून नव्हे, पण मोडलं, आणि पुरतं मोडलं. माझ्या माहितीत सरांच्या हातून तडीस गेलेलं हे एकमेव काम. मुंजाभाऊंनीही मग पुन्हा स्थळाचा विषय काढला नाही. पोरीचा एवढा तमाशा झाल्यावर तिला आणखी काही सोसायला लावणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

पुढच्या वर्षी त्याच जागा पुन्हा निघाल्या, तेव्हा द्वारका प्लायवूडच्या माझ्या बाजूला येऊन बसली. सरांचा तास नसेल तेव्हा. "मॅडम, इथं बसून अर्ज भरू का? तिकडं भरला की अख्ख्या गावाला कळंल." स्पॅनिश शिकायला ती सरांच्याच बाजूला जात राहिली. मला राग आला. मी म्हटलं, "अजून त्यांच्याकडे काय ठेवलंय?" तर म्हणाली, "शिकवतेत बरं, मॅडम. तेवढं घ्यायचं. बाकीचं तितंच ठिवायचं." एवढी अक्कल मला त्या वयात नव्हती.

या खेपेला निवड झाली, सरळ. तिनं ते दोन माणसांना सांगितलं, वडिलांना आणि मला. सरांना तर नाहीच, आणि आईलासुद्धा विमान सुटल्यावर कळलं. गावात मुंजाभाऊ सांगतात, पोरगी पुण्याला नोकरीला हाय. त्या गृहस्थानं आयुष्यात बोललेलं हे एकच खोटं असेल, पण ते त्यांना चांगलं जमतंय.

तिकडून तिचा फोनवर निरोप आला, सोबत फोटो. एका वर्गात फळ्यापुढे उभी होती, भोवती लालबुंद गालांची पोरं. "मॅडम, पोचले. वर्गावर उभी बी ऱ्हायले. हितली पोरं दिसभर पोर पोको म्हनतेत, मला सरच आठवतेत." आणि खाली आणखी एक ओळ: "सरांना सांगू नका. बॅनर लावतेल. वर्ष पुरं करून आले की मीच येऊन सांगते."

मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचा मोह एकदाच झाला, तो मागच्या महिन्यात.

नवी बॅच सुरू झाली होती. बाक ओढल्याचा आवाज आला, सर चढले, पडले, सावरले. ऑलमोस्ट झालं, निअरली झालं, कासी झालं. मग पोर पोकोचं उदाहरण आलं. पूर्वी ते पडता पडता वाचलेल्या माणसाचं असायचं. आता सर म्हणाले, "आपली एक विद्यार्थिनी होती. द्वारका. पोर पोको से बा आ एस्पान्या. थोडक्यात ऱ्हायली, न्हाई तर स्पेनला गेलीच होती." आणि इथं मुलं हसायला हवी होती, पण सर स्वतःच थांबले. मग म्हणाले, "लय हुशार पोरगी होती. माझ्याच्यानं फ्लेक्सची जरा घाई झाली." मुलांना काही कळलं नाही. त्यांनी फ्लेक्स पाहिलेला नव्हता.

माझा फोन माझ्यापुढे टेबलावर पडलेला होता. त्यात ती फळ्यापुढे उभी होती.

वर्ग सुटल्यावर जिन्यात सर भेटले. बाहीला खडू लागलेला, कपाळावरचे पट्टे घामानं थोडे पुसलेले. म्हणाले, "मॅडम, ती द्वारका पुन्याला कुठंतरी लागलीय म्हनतेत. तिला सांगा ना, अजून एकदा अर्ज कर म्हनावं. ह्या वेळी मी बॅनर-फिनर काही करत न्हाई. गपचिप बसतो. तुमचं ऐकंल ती." मग आवाज जरासा खाली आणून म्हणाले, "ह्या वेळी होईल, न्हाई का?"

इतक्या वर्षांत, उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न त्यांच्या तोंडून आलेला मी पहिल्यांदा ऐकला. त्यांचा तो ठरलेला शब्द त्यांना या वेळी उच्चारवला नाही.

"झालंच समजा, सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं असणार, आणि इतक्या वर्षांनी तसं वाटणं बरोबरच होतं. मग मान हलवून, कठड्याला धरत, ते एकेक पायरी खाली उतरले.